पाच दिवसांची उघडी जखम

दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की आमच्या घरापुढच्या रस्त्याचा आवाज बदलतो. उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. एकामागं एक दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर मावेल त्याहून जास्त रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी कर्कश गाणं. चाक खड्ड्यात गेलं की वरची दोन-चार कांडी खाली येतात. ती उचलायला कुणी ना कुणी धावतंच. बायको दारातून म्हणते, "अहो, आला बघा तुमचा हंगाम." ती चेष्टेनं म्हणते. मी हसतो, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही.

हंगाम माझाच आहे, हे काही खोटं नाही. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावात माझा जन्म, आणि पहिली पाच-सहा वर्षं कोपीत. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्यांवर पाचट टाकून उभी केलेली झोपडी. रांगत आत जायचं आणि वाकून बाहेर यायचं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. माझे आई-बाप मिळून एक कोयता होते. तो ऊस तोडायचा, ती मोळ्या बांधायची. पहाटेच्या दवानं भिजलेल्या पाचटाचा गारवा, आईच्या हाताला येणारा उसाचा आंबूस वास, पानांच्या कडांनी तिच्या दंडावर उठलेल्या बारीक रेघा, हे मला कुणी सांगायची गरज नाही. पुढं मला वसतिगृहात टाकलं, आणि हंगाम म्हणजे आई-बाप नसण्याचे सहा महिने असा अर्थ झाला. मी शिकलो. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.ए. झालो, त्यावर समाजकार्याची पदवी घेतली, आणि नगर शहराच्या कडेला एका ट्रस्टच्या दवाखान्यात समाजसेवकाच्या नोकरीला लागलो. टेबलावर लाकडी पाटी होती, तिच्यावर नाव आणि नावापुढं दोन्ही पदव्या. ती पाटी मी स्वतः करून घेतली होती. रोज सकाळी रुमालानं पुसायचो. त्यात मला कधी लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

माझं काम बोलण्याचं. डॉक्टरांचं म्हणणं पेशंटला कळेल असं सांगायचं, पेशंटचं म्हणणं डॉक्टरांना. कागदांवर अंगठे घ्यायचे. पुरुषाच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घ्यायचा अशी रीत. आणि हंगामात नेमका तोच अंगठा फडक्यात गुंडाळलेला असायचा. उजव्या हातात कोयता आणि डाव्या मुठीत ऊस, मग घाव चुकला की जातो तो डावा अंगठा. असे कितीतरी कागद माझ्या हातून गेले, ज्यांच्यावर मी कंसात लिहिलं : 'डावा अंगठा जखमी, सबब उजव्याचा ठसा.'

त्या दिवसांत आमच्या वॉर्डाला वेगळाच वास यायचा. स्पिरिट, ओल्या पट्ट्या, आणि त्यात मिसळलेला मळीचा, धुराचा, बैलांचा. श्रीरामपूरच्या बाजूनं टेम्पो यायचे. जखमी माणसाखाली गादी म्हणून उसाचे हिरवे वाढे अंथरलेले असायचे, आणि माणूस उचलून आत नेला की गेटावरचा वॉचमन ते वाढे आपल्या म्हशीला घेऊन जायचा. कुणाची बोटं, कुणाचा डोळा, कुणाचा पाय. आमच्याकडं पूर्णवेळ सर्जन नव्हता. मोठे डॉक्टर वयस्कर, ते हर्निया-अपेंडिक्स करायचे. बाकी सगळं पुण्याला. पुण्याला पाठवलेल्यांचं पुढं काय झालं ते आम्हाला सहसा कळत नसे.

अशाच एका हंगामात, नव्वदीच्या दशकातल्या, मेजर नायर आले.

छावणीतल्या लष्करी दवाखान्यातले ते सर्जन. मूळचे केरळचे. मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की मंगळवारी आणि शुक्रवारी हे आपल्याकडं ऑपरेशनं करतील, वरून परवानगी घेतलेली आहे, त्यांना बिदागी वगैरे काही द्यायची नाही. मला हे पचेना. फुकट कोण येतं? कारण नंतर कळलं. छावणीत सगळी तरणीताठी, निरोगी पोरं. ताप, मूळव्याध, कवायतीत मुरगळलेला पाय. युद्ध नाही म्हणजे जखमा नाहीत, आणि जखमा नाहीत म्हणजे सर्जनचा हात बसतो. उद्या सरहद्दीवर काही झालं तर तंबूत उभं राहून चिंधड्या झालेला पाय वाचवायचा असतो; तो हात आज कुठं तयार ठेवायचा? "हमारे पास जखम नहीं, आपके पास सर्जन नहीं," असं ते एकदा म्हणाले. हिशोब सरळ होता.

ते स्कूटरवरून यायचे. साधा शर्ट, पण पायांत लष्करी बूट, आरशासारखे. उंची बेताची, आवाज हळू. माझ्या खोलीत चहा पिताना कपाच्या कानात दोरा ओवून एका हातानं गाठी मारत बसायचे. बोलणं माझ्याशी, डोळे खिडकीबाहेर, आणि बोटं आपली चाललेली. गाठ, गाठ, गाठ. कप गेला की टेबलाच्या ड्रॉवरची मूठ. संध्याकाळी झाडणारी मावशी कुरकुरायची, "ह्या मिल्ट्रीवाल्यानं सम्द्या ड्रॉवरला राख्या बांधल्यात."

पेशंटांत त्यांचं नाव 'मिल्ट्री डाक्टर' पडलं. दीड बोट गमावलेला एक तोडकरी त्यांना म्हणाला, "सायेब, मला भरती करून घ्या. दीड बोट कमी हाय तेवढं चालवून घ्या." मी भाषांतर केलं. मेजरसाहेब मोजून तीन सेकंद गंभीर राहिले आणि म्हणाले, "राइफल के लिए एक उंगली चाहिए. वो है." सगळा वॉर्ड हसला. त्या हंगामात आमच्याकडून पुण्याला जाणारे टेम्पो निम्म्यानं तरी कमी झाले असतील. मी मोजले नाहीत, पण दिसत होतं.

तरी मला आत काहीतरी टोचत होतं. माझा स्वभाव तोंडावर बोलायचा. एका शुक्रवारी मी विचारलंच, "साहब, आप हमारे लोगों पर प्रॅक्टिस करते हो?"

दोऱ्याची गाठ अर्धी राहिली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "हाँ," ते म्हणाले. "लेकिन आधा हाथ लेके नहीं आया. पूरा हाथ है. आधा ना हो जाए, इसलिए आता हूँ."

उत्तर मला आवडलं. माणूस खरं बोलला. पण आपण या माणसाला जाब विचारला आणि त्यानं तो दिला, याचा मला लई अभिमान झाला. त्या अभिमानानंच पुढं घात केला. जाब विचारणाऱ्या माणसाला मग साधा प्रश्न विचारता येईना. काही समजलं नाही तरी मी मान डोलावू लागलो.

अजूनही डोलावतो. परवा गुडघे दाखवायला गेलो होतो. तिथला तरुण डॉक्टर पडद्यावर माझी हाडं दाखवून पाच मिनिटं समजावत होता. मी 'हो, हो, बरोबर' म्हणत होतो. बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?" आणि मला काही सांगता आलं नाही.

अंबादासला आणलं तो मंगळवार होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, सडपातळ, माझ्याच तालुक्यातला. भरलेली टायरगाडी उतारावर सुटली, एक बैल घसरला, आणि हा बैल धरायला गेला तो चाकाखाली. हाड नशिबानं शाबूत होतं, पण गुडघ्याखालचं मांस फाटून त्यात काळी माती आणि शेण गच्च बसलेलं. त्याच्या बायकोनं, रुक्मिणीनं, लुगड्याचा पदर फाडून हळद भरून बांधलं होतं. ती टेम्पोतून उतरली तेव्हा पदर अर्धाच उरला होता, आणि ते लपवायला तिनं पोतं खांद्यावर घेतलं होतं.

"सायेब," अंबादास मला म्हणाला, "मानूस गेला तर गेला. पन पाय ऱ्हाईल का न्हाई तेवढं सांगा. एका पायानं फडात काय करू? बुजगावनं म्हनून उभा ऱ्हाऊ?"

"राहील," मी म्हणालो. तेव्हाही मला माहीत नव्हतं.

मेजरसाहेब दोन तास आत होते. बाहेर आले तेव्हा कपाळावर टोपीचा वळ उमटलेला, चेहऱ्यावर थकवा, आणि मी त्यांना पहिल्यांदाच आनंदात पाहिलं. "पैर बच गया," ते म्हणाले. केसपेपरवर त्यांनी चार ओळी लिहिल्या, शेवटच्या ओळीत तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं 'पाचवा दिवस'. मग आमच्या साळवे सिस्टरना पलीकडं नेऊन जे सांगितलं ते मला मागाहून कळलं, "खुला रखना है. पाँच दिन. कोई टाँका नहीं लगाएगा." आणि स्कूटरला किक मारून गेले.

ती तीन अक्षरं काय होती ते आज मला कळतं. मातीनं भरलेली जखम लगेच शिवली तर घाण आतच कोंडते आणि आत सडते. म्हणून ती धुवायची, मेलेलं मांस काढायचं, उघडी ठेवायची, आणि पाचव्या दिवशी निर्मळ दिसली की मग शिवायची. लढाईतल्या जखमांचा हा पहिला धडा. तो हाताला आठवत राहावा म्हणूनच तर हा माणूस आमच्याकडं येत होता. पण त्या दिवशी केसपेपर माझ्या हातात होता, अक्षरं माझ्या डोळ्यांपुढं होती, आणि मेजरसाहेब अजून फाटकापर्यंतही पोचले नव्हते. 'साहब, ये क्या लिखा है?' एवढं विचारायला काय लागत होतं? सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. मी कागद फाइलला लावला.

गुरुवारी सकाळी रुक्मिण माझ्या खोलीत आली. मागं त्यांच्या टोळीचा मुकादम, डोक्याला फेटा, हातात चुन्याची डबी.

"भाऊ, येक इचारू का? पन खरं सांगायचं."

"विचार की."

"काल पट्टी सोडली तवा म्या बघितलं. जखम शिवलीच न्हाई वो. आतलं सम्दं दिसतंय, लालभडक. पल्याडच्या खाटंवरल्या मान्साला टाके घातल्यात. ह्यांनाच का न्हाई?"

पलीकडच्या खाटेवर नगरातला एक किराणा दुकानदार होता, हर्नियाचा.

मुकादम म्हणाला, "गरिबाला दोरा बी म्हाग झाला का काय, सायेब?"

आता इथं मी थोडं थांबतो. कारण इतकी वर्षं हा क्षण मी फिरवून-फिरवून पाहिला आहे. दोघं माझ्याकडं बघत होती. माझ्या भाषेत बोलणारी, माझ्या रस्त्यानं आलेली माणसं. माझ्या आईचा पदर असाच कितीदा फाटला असेल. त्यांना वाटत होतं, हा आपला माणूस शिकलेला आहे, याला माहीत असणार. आणि मला माहीत नव्हतं. 'मला माहीत नाही, विचारून सांगतो' हे शब्द कुठल्याही अडाणी माणसाच्या तोंडून सहज निघतात. माझा बाप दिवसातून दहा वेळा म्हणायचा, 'आमाला काय म्हाईत?' ते वाक्य परत कधी म्हणावं लागू नये म्हणूनच तर मी शिकलो होतो.

"टाके राहिलेत," मी म्हणालो. "त्या दिवशी साहेबांना घाई होती. उद्या शुक्रवार, उद्या येतील, घालतील."

इतक्या ठामपणे म्हणालो की माझंच मला खरं वाटलं.

"ऱ्हायल्यात?" रुक्मिण म्हणाली. तिचा चेहरा कसा झाला ते मी बघत होतो, पण मला ते कळलं नाही. "म्हंजी काम अर्धंच टाकून गेला त्यो?"

"उद्या?" मुकादम म्हणाला. "उद्या आमचा फड हालतोय. सम्द्या कोप्या मोडायच्या, गाड्या भरायच्या. ह्याला हितं कुनाच्या हवाली करू? आन नुस्तं टाकंच घालायचं तर कारखान्यापाशी डाक्टर न्हाई का?"

दुपारी ते त्याला घेऊन निघाले. साळवे सिस्टर धावत माझ्याकडं आल्या. "अहो, सोडू नका त्याला. मेजरांनी पाच दिवस म्हटलंय." मी म्हणालो, "सिस्टर, पेशंटचा तो हक्क आहे." हे वाक्य मी कॉलेजात शिकलो होतो. 'स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन जात आहोत' असा कागद माझ्याच अक्षरात लिहिला. अंबादासचा डावा अंगठा धडधाकट होता. छान, स्वच्छ ठसा उमटला. टेम्पोत बसताना तो मला म्हणाला, "येतो सायेब. फडावर या कवा, हुरडा न्हाई पन रस पाजतो."

शुक्रवारी मेजरसाहेब आले, रिकामी खाट पाहिली. त्या दिवशी त्यांनी ड्रॉवरच्या मुठीला दोरा बांधला नाही. कुठं गेला, कुणाला माहीत आहे का, एवढं विचारलं. फड हलला होता. कुठं, ते मला सांगता आलं नाही. कुठल्याशा कारखान्याच्या पट्ट्यातल्या अमुक हजार कोप्यांपैकी एका कोपीत एक शिवलेली जखम होती.

सोमवारी दुपारी टेम्पो परत आला. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. पाय मांडीपर्यंत सुजून चकाकत होता, आणि सिस्टरांनी बोट दाबलं तेव्हा कातडीखालून कुरकुर असा बारीक आवाज आला. टाके मात्र सुबक होते. ज्यानं कुणी घातले त्यानं मन लावून घातले होते. छावणीत फोन केला. मेजरसाहेब अर्ध्या तासात आले, कुठल्याशा समारंभातून तसेच उठून, पहिल्यांदाच पुऱ्या वर्दीत, छातीवर पदकांच्या पट्ट्या. टोळीतली बाया-माणसं ओट्यावर बसलेली होती. ती वर्दी बघून उठून उभी राहिली.

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. माणूस वाचला.

संध्याकाळी मेजरसाहेब रुक्मिणीसमोर येऊन उभे राहिले. रागानं नाही. मला म्हणाले, "पूछिए, क्यों ले गए?"

मी विचारलं.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनीच सांगितलं की, टाके ऱ्हायल्यात म्हनून."

मेजरसाहेब माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना मराठी तेवढं येत नव्हतं. दोघांच्या मधे मी एकटाच होतो ज्याला दोन्हीकडचं कळत होतं.

"कहती है, मुकादम ले गया," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. मुकादमानंच नेलं होतं. मी इतक्या वर्षांत स्वतःला एवढाच आधार दिला आहे, आणि तो किती तकलादू आहे ते मला ठाऊक आहे.

ते माझ्या खोलीत येऊन बसले. वर्दीच्या बाहीवर टेबलाची धूळ लागली होती. मग म्हणाले, "फौज में बताना नहीं पड़ता. डॉक्टर ने बोला खुला, तो खुला. जवान पूछता नहीं, जाता भी नहीं. यहाँ आदमी उठके चला जाता है. बताना मेरा काम था. मैं काटना-सीना सीखने आया, ये नहीं सीखा." आणि पुन्हा, हळू, "मेरी गलती है."

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. मी चहा मागवला.

त्यानंतरच्या मंगळवारपासून ते प्रत्येक पेशंटच्या नातेवाइकांना स्वतः समजावू लागले. मोडक्या-तोडक्या मराठीत, हातवारे करत. "माती आत. बंद केला, सडेल. पाच दिवस खिडकी उघडा." बाया पदराआड हसायच्या, पण समजायच्या. मी शेजारी उभा असायचो, माझी फारशी गरज लागत नसे. वॉर्डात उघडी जखम बघून कुणी बिचकलं, तर शेजारच्या खाटेवरचा माणूसच सांगायचा, "खिडकी हाय ती, बंद नाय करायची."

पाडव्याच्या आधी कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, आणि त्यांची बदली झाली. उत्तरेत, एवढंच म्हणाले. निरोप घ्यायला आले तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाले, "आपसे बहुत कुछ सीखा." मी पुन्हा गप्प राहिलो. फाटकापर्यंत गेलो, स्कूटर वळेपर्यंत उभा राहिलो, आणि परत येऊन पाटी पुसली.

त्याच दशकाच्या अखेरीस सरहद्दीवर लढाई झाली. टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून जखमी जवान उतरवताना दाखवायचे. आमच्या जिल्ह्यातली पोरंही तिकडं होती. मी पडद्याला नाक लावून बसायचो, पण मला जवान बघायचे नव्हते. स्ट्रेचरशेजारी कुणाची बुटकी आकृती दिसते का ते बघायचं होतं. तिथं तंबूत कुणा पोराचा पाय धुऊन उघडा ठेवला असेल. त्या पोरानं विचारलं नसेल, 'का शिवला नाही?' आणि पाचव्या दिवशी तो शिवला असेल, आणि आज ते पोर कुठंतरी आपल्या पायांवर चालत असेल. त्या हाताला आमच्या वॉर्डानं धार दिली असेल तर त्यात अंबादासचंही मांस होतं. हे मला अभिमानानं सांगता आलं असतं. लोक असल्या गोष्टी अभिमानानं सांगतात. पण तो पाय देशासाठी गेला नाही. तो माझ्या नावापुढच्या अक्षरांसाठी गेला. तयारी म्हणजे काय, यावर मी खूप विचार केला आहे. सर्जननं दोन वर्षं हात चालवला नाही तर तो विसरतो, असं मेजरसाहेब म्हणायचे. माझं काम जिभेचं होतं, आणि ती रोज चालत होती. तरी ऐन वेळी ती आधी मला वाचवायला धावली.

मी गप्प राहिलो असं वर लिहिलं, पण एकदा बोललो होतो.

पाय गेला त्याच वर्षीच्या वैशाखात रजा काढून अंबादासच्या गावी गेलो. पाथर्डीपासून जीप, पुढं चालत. टोळ्या घरी परतलेल्या, त्यामुळं गाव भरलेलं होतं. बोडक्या डोंगराकडून झळा येत होत्या. अंबादास लिंबाखाली बसून घायपाताचा दोर वळत होता. उरलेल्या मांडीच्या खुंटाखाली दोराचं एक टोक दाबून धरलेलं, दुसरं दोन्ही हातांत. मला बघून ओरडला, "अगं ए, सायेब आल्यात! च्या टाक!" खाट टाकली, वर गोधडी टाकली. शेजारचे दोघं-तिघं येऊन टेकले. तो त्यांना सांगू लागला, हे आपल्याच तालुक्यातले, यांचे आई-बाप आपल्यावानीच कोयत्यावर होते, दवाखान्यात एवढ्या मोठ्या टेबलावर बसतात.

मला त्याचं बोलणं तोडावं लागलं. "अंबादास, मी एक सांगायला आलोय. तुझ्या जखमेचे टाके राहिले नव्हते. साहेबांनी मुद्दाम उघडी ठेवली होती. पाच दिवसांनी शिवणार होते. मला ते माहीत नव्हतं, आणि मी तुम्हाला खोटं सांगितलं. तुझा पाय माझ्यामुळं गेला."

पाठ करून आलेलं होतं, म्हणून एका दमात म्हणता आलं.

दोर वळणारे हात थांबले. तो माझ्याकडं बघत राहिला, आणि मग हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं. समजूतदार, मोठ्या भावाचं असावं तसं.

"सायेब," तो म्हणाला, "कुनी पाठीवलं तुमाला? त्या मिल्ट्रीवाल्यानं?"

"कुणी नाही. मीच..."

"न्हाई, नोकरी हाय तुमची, आमी समजू शकतो. वरच्यानं चूक करायची आन खालच्यानं आंगावर घ्यायची, हे काय आमाला नवं न्हाई." शेजारच्यांनी माना हलवल्या. एक म्हातारा म्हणाला, "शिकत्यात ते आपल्यावर. म्या आदुगरच म्हन्लं हुतं."

"अरे, त्यांनी तुझा जीव वाचवला. चूक माझी आहे. शपथ घेऊ का?"

"शपथ कशाला घेता? तुमी कशाला आमच्याशी खोटं बोलाल? तुमी आपला मानूस."

मी आणखी दोनदा सांगून पाहिलं. आवाज चढवला. जसजसा मी जास्त बोललो तसतसा त्यांना माझा मोठेपणा जास्त दिसू लागला. तेवढ्यात रुक्मिण चहा घेऊन बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं असावं. कपबशी माझ्या हातात दिली, दुसरी नवऱ्यापुढं ठेवली, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"भाऊ, मनाला लावून घिऊ नका," ती म्हणाली. "एवढ्या मोठ्या दवाखान्यात आमाला कुनी खरं सांगितलं असंल तर त्ये तुमी. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं का, टाके ऱ्हायल्यात म्हनून?"